तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

मित्रांनो, मला चाकं आहेत, पण इंजिन नाही. कुणी ओढून नेलं तर मी जातो, जिथे सोडलं तिथे उभा राहतो. मी एक जुना ट्रेलर आहे. बावीस फूट लांबीचं पत्र्याचं घर समजा. आत एक पलंग, जेवायचं टेबल, दोन बाकं, गॅसची शेगडी, छोटासा गिझर, आणि एकच माणूस कसाबसा मावेल एवढी न्हाणी. माझ्या आयुष्यात प्रवास पुष्कळ झाले, पण सांगण्यासारखा हिवाळा एकच आहे. तोच सांगतो.

माझा जन्म अमेरिकेत, इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. लाकडाच्या फासळ्या, त्यांत थंडी अडवायला काचलोकरीचे थर, वरून पातळ पत्रा. पाण्याच्या नळ्या घालायचं काम दोन बायकांकडे होतं. त्यांतली एक माझ्या मागच्या भिंतीत बाहेरच्या शॉवरची नळी बसवत होती. उन्हाळ्यात तळ्यावरून आलं की पाय धुवायला तो शॉवर असतो. हात घालून बघत ती म्हणाली, "ही नळी अगदी पत्र्याला चिकटून जाते गं. थंडीच्या मुलखात गेला तर फुटेल की बिचारा."

"थंडीच्या मुलखातली माणसं हिवाळ्यात घरात बसतात," दुसरी म्हणाली. "चल, आवर. अजून चार उभे आहेत."

मला उत्तर मिनेसोटातल्या ऑर्लिन आणि आर्डिस स्कोगेन या नवराबायकोने घेतलं. ती माणसं हिवाळ्यात घरात बसणारी नव्हती.

मला अंगणात आणलं त्या रविवारी चर्चमधली मंडळी बघायला आली. आत डोकावून, गादी दाबून, कपाटं उघडून सगळे परत अंगणात जमले. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "वाईट नाहीये." ऑर्लिनचे कान लाल झाले. त्या मुलखात याहून मोठी स्तुती नसते. मीही खूश झालो. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

उन्हाळ्यात आम्ही तळ्यांवर जायचो आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर. बर्फाला भोक पाडून ऑर्लिन मासे धरायचा. आर्डिस माझ्या टेबलाशी बसून गोधडीचे तुकडे जोडायची. तिचा एक नेम होता. सकाळी उठल्यावर बायबलमधला एक उतारा वाचल्याशिवाय ती कॉफीला तोंड लावत नसे. ऑर्लिनला तोवर थांबावं लागे.

"आज उतारा लांबलाय का?" तो विचारायचा.

"देव काय घड्याळ लावून बोलतो?"

"नाही, पण कॉफी थंड होते."

"मग तूही वाच. दोघांची थंड होईल."

हिवाळ्याच्या प्रत्येक सहलीनंतर माझ्यासाठीही एक नेम ठरलेला होता. पाणी गोठलं की फुगतं, आणि नळीत फुगलं की नळी फाडतं. म्हणून घरी आल्या आल्या माझ्यातला थेंब न् थेंब काढावा लागे. ऑर्लिन टाकी रिकामी करायचा, गिझरचं बूच काढायचा, पोटाखालच्या दोन तोट्या उघडायचा. पण कोपऱ्याकोपऱ्यांत थोडं पाणी राहतंच. ते बाहेर ढकलायला एक गुलाबी पाणी मिळतं. ते फुगत नाही, म्हणून नळी फाडत नाही. पंपाची नळी त्या पाण्याच्या कॅनमध्ये बुडवून ऑर्लिन पलंगाखाली ओणवा व्हायचा, आणि आर्डिस एकेक नळ सोडत जायची. आधी साधं पाणी यायचं, मग फिकट, मग एकदम लालगुलाबी.

"गुलाबी!" ती ओरडायची.

"पुढे!" पलंगाखालून आवाज यायचा.

स्वयंपाकाचा थंड नळ, मग गरम. न्हाणीतला थंड, मग गरम. शौचकुपाचं पेडल. आणि सर्वांत शेवटी आर्डिस बाहेर जाऊन मागचं छोटं दार उघडायची, तिथल्या शॉवरमधून बर्फावर गुलाबी धार पडायची, आणि ती पत्र्यावर दोनदा थाप मारायची. ती थाप म्हणजे संपलं. त्या थापेनंतर मी निर्धास्त झोपायचो. उणे तीस असो की उणे पस्तीस, मला काही होत नसे.

दोन हिवाळे तर मी बाहेर झोपलोच नाही. शेजारच्या शेतावर मर्ल नावाचा म्हातारा राहायचा. त्याच्या यंत्रांच्या शेडमध्ये हीटर होता, आणि एका बाजूला माझ्यापुरती जागा. त्याने मला आत घेतलं कसं ते सांगायला हवं, कारण त्या मुलखाची रीत तुम्हांला कळायला हवी. तिथे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदाही 'नको'च. तिसऱ्यांदा विचारलं की खाली बघून म्हणायचं, 'बरं, तू म्हणतोसच तर.' पहिल्यालाच 'हो' म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा माणूस मनापासून विचारतच नव्हता, असं समजतात. अर्धी पोळी जरी वाढायची असली तरी असंच.

मर्ल ही रीत कोळून प्यायला होता.

"ट्रेलर आत ठेव की, ऑर्लिन."

"नको रे, कशाला तुला त्रास."

"त्रास कसला? ट्रॅक्टरला सोबत होईल."

"छे छे, बाहेर मजेत आहे तो."

"मग काय, मी येऊन ढकलू का? या वयात?"

"बरं, तू म्हणतोसच तर," ऑर्लिन म्हणाला, आणि मी आत गेलो.

मग मर्ल वारला. त्याचा मुलगा मालट्रक घेऊन महिनामहिना बाहेर असायचा. शेत आणि शेड सगळं सुनेकडे आलं. तिचं नाव टॅम्रा. ती आली ॲरिझोनातून. तिच्या गावी बर्फ पडत नाही, आणि 'नको' म्हटलं की त्याचा अर्थ 'नको' एवढाच होतो. बाई फार चांगली. हे मी आताच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला दोष द्याल, आणि तो तिचा नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आर्डिसच्या पोटात गाठी निघाल्या.

शहरातलं मोठं इस्पितळ आमच्या गावापासून पाच तासांवर. दर पंधरा दिवसांनी तिथे जायचं, नळीवाटे पाच तास औषध घ्यायचं, मग औषधाची एक छोटी पिशवी कमरेला बांधून दोन दिवस राहायचं, तिसऱ्या दिवशी ती काढून परत यायचं. अशा बारा खेपा. डॉक्टरांनी सांगितलं, बारा पुऱ्या झाल्या तर आशा आहे. मध्येच सोडल्या तर नाही. इतकं सरळ सांगितलं होतं. आर्डिसने ते माझ्या बाकावर बसून ऑर्लिनला जसंच्या तसं पुन्हा म्हणून दाखवलं, जणू शाळेतला धडा.

मग म्हणाली, "बारा म्हणजे प्रभूचे शिष्य तितके. एकेका खेपेला एकेकाचं नाव देऊ. पहिली पेत्राची."

ऑर्लिनने बोटं मोजली. "बारावी यहूदाची येते. दगा देणाऱ्याची."

"तेव्हा जरा जपून राहू," आर्डिस म्हणाली, आणि दोघंही हसली. बाहेर अंगणात सुतकासारखी शांतता होती, पण आत ती दोघं हसली.

हॉटेलात राहणं तिला सोसत नसे. तिथल्या फिनेलच्या वासानेच उलटी व्हायची. इस्पितळाच्या आवारात, लांबून येणाऱ्या रोग्यांच्या ट्रेलरसाठी विजेचे खांब होते. तिथे मी उभा राहायचो. तिची गादी, तिची उशी, तिचं टेबल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माझा गिझर. त्या औषधाची एक खोड होती. ते अंगात गेलं की थंडी सहन होत नाही. थंड चमच्याला हात लागला तरी बोटांत सुया शिरतात. थंड घोट घेतला तर गळा आवळल्यासारखा होतो. ती लोकरी हातमोजे घालून भांडी धरायची, आणि नळाखाली हात धरून कोमट पाणी सोडून बसायची. "हे एवढं सुख पुरे," ती म्हणायची. मित्रांनो, मी पत्र्याचा, पण त्या वेळी मलाही आपण उपयोगाचे आहोत असं वाटायचं.

म्हणजे दर खेपेला मला पाण्याने भरायचं, आणि घरी आल्यावर पुन्हा कोरडं करायचं. पेत्राची खेप झाली. "गुलाबी!" "पुढे!" अंद्रियाची झाली. याकोबाच्या खेपेनंतर आर्डिसचा आवाज बारीक झाला होता. ती 'गुलाबी' म्हणायची ते ऑर्लिनला पलंगाखाली ऐकू जात नसे. मग ती पायाने जमिनीवर ठोकायची. योहानाच्या खेपेपर्यंत तेही जमेना. ती बाकावर घोंगडी पांघरून बसली आणि ऑर्लिन पलंग ते नळ, नळ ते पलंग असा गुडघे धरून येरझारा घालत राहिला. बाहेरच्या शॉवरपाशी जाऊन आर्डिसऐवजी त्यानेच पत्र्यावर थाप मारली. एकदाच मारली, पण मारली.

त्याच वेळी टॅम्रा आली. हातात झाकलेलं भांडं होतं, बटाटा आणि खिमा घालून भाजलेलं काहीतरी.

"ऑर्लिन, अहो, तुमचे हात बघा! निळे पडलेत," ती म्हणाली. "ट्रेलर आमच्या शेडमध्ये आणून ठेवा ना. हीटर चालूच असतो. मग हे पाणी काढा, पाणी भरा, काहीच करायला नको."

"नको नको. कशाला तुला त्रास."

"त्रास नाही हो. एक बाजू रिकामीच आहे."

"छे, बाहेर ठीक आहे तो. सवय आहे त्याला."

माझ्या आत आर्डिसने घोंगडी सरळ केली. दोघंही थांबली होती. मीसुद्धा थांबलो होतो. आता ती तिसऱ्यांदा विचारेल.

"बरं, जशी तुमची इच्छा," टॅम्रा म्हणाली. "भांडं परत द्यायची घाई नाही हां." आणि बर्फातून बूट वाजवत निघून गेली.

ऑर्लिन आत आला. भांडं टेबलावर ठेवलं.

"विचारलंच नाही तिने," तो म्हणाला.

"मनापासून नसेल. त्यांनाही अडचण असेल."

"असेल."

"तूच जाऊन विचार ना. म्हणावं, चालेल आम्हांला."

"आता? 'नको' म्हणून झाल्यावर? वेड लागलंय का मला?"

"बर्फात ओणवं होणं म्हणजे फार शहाणपणाचं, नाही का?" आर्डिस म्हणाली. मग म्हणाली, "जाऊ दे. कसं विचारणार."

त्यांनी ते जेवण खाल्लं. आर्डिसने भांडं घासून, पुसून, त्यात स्वतः केलेल्या लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, घालून परत पाठवलं. रिकामं भांडं परत देत नाहीत. शेडचा विषय कुणी काढला नाही.

फिलिप्पाच्या खेपेहून आम्ही परतलो ती दुपार मला विसरता येत नाही. येताना पाचही तास रस्त्यावर, बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा चिखल होता. पुढच्या गाडीच्या चाकांतून तो उडत होता आणि माझ्या अंगावर थरावर थर गोठत होता. अंगणात थांबलो तेव्हा माझी मागची बाजू बर्फाने अशी लिंपली होती की शॉवरचं छोटं दार कुठे आहे ते कळेना. हवा उणे अठ्ठावीस होती आणि वाऱ्याने दिवस मावळायच्या आतच अंधारून आणलं होतं. आर्डिसला ताप होता. ऑर्लिनने तिला घरात नेऊन निजवलं, आणि एकटा माझ्याकडे आला.

त्याने सगळं केलं. टाकी, बूच, पोटाखालच्या तोट्या. कॅनमधल्या गुलाबी पाण्याचा थंडीने लगदा झाला होता, पंप कण्हत होता. त्याने एकेक नळ सोडला. मग मागे येऊन छोट्या दारावर मुठीने ठोकलं, स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. दार हलेना. घरातून आर्डिसच्या खोकल्याचा आवाज आला. तो थबकला. म्हणाला, "उद्या." मला म्हणाला की स्वतःला, माहीत नाही.

शेडमध्ये असतो तर तो बर्फ तासाभरात आपोआप गळून पडला असता.

दुसऱ्या दिवशी ताप वाढला. तिसऱ्या दिवशीही होता. चौथ्या दिवशी उतरला, पण 'उद्या' म्हटलेलं त्याच्या डोक्यातून गेलं होतं. आणि थाप मारली गेली नव्हती, हे लक्षात आणून देणारी बाई अंथरुणावर होती. मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो. त्याच रात्री मागच्या भिंतीत, पत्र्याला चिकटून असलेली ती नळी करकरली आणि वीतभर उभी चिरली. फार मोठा आवाज नाही झाला. सुकी काटकी मोडावी तेवढाच. आत बर्फ होता, म्हणून चीर झाकलेली राहिली.

सहावी खेप बर्थलमयाची. निघायच्या आधी डॉक्टरांचा फोन आला होता. गाठी निम्म्याने आटल्या होत्या. औषध लागू पडत होतं. ऑर्लिनने मला हुकाला अडकवताना शीळ घातली. ती मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

इस्पितळाच्या आवारात पोचल्यावर आर्डिस औषध घ्यायला इस्पितळात गेली. ऑर्लिनने वीज जोडली, हीटर लावला, घरून आणलेल्या कॅनमधलं पाणी माझ्या टाकीत ओतलं. दीडशे लिटर. पंप चालू केला, नळ सोडून पाहिले. सगळं ठीक होतं. ती परत येईल तेव्हा हाताशी कोमट पाणी असावं म्हणून गिझर लावला, पंप तसाच चालू ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसला.

मी हळूहळू ऊबदार झालो. भिंती कोमट झाल्या. मग मागच्या भिंतीतला बर्फ सुटला.

मित्रांनो, मी स्वतःला थांबवू शकलो नाही. चिरेतून पाणी येत राहिलं, पंप ढकलत राहिला. आधी भिंत भिजली, मग पलंगाखालचं सगळं, मग गादीने खालून पाणी शोषलं. ते जमिनीवर पसरत दारापर्यंत गेलं आणि उंबऱ्याशी, बाहेरच्या हवेला लागून, गोठू लागलं. टाकी संपली तरी पंप कोरडाच कण्हत होता.

दुपारी तीनला ती दोघं आली. आर्डिसच्या तोंडावर लोकरी पट्टा, हातांत मोजे, कमरेला औषधाची पिशवी. ऑर्लिन पिकअपमधून तिची उशी काढत होता. तिने दार उघडलं. त्या मुलखात बूट घालून कुणी घरात पाऊल टाकत नाही. तिने कधीच टाकलं नव्हतं. खाली न बघता, रोजच्यासारखे बूट पायरीवर काढून तिने लोकरी मोज्यांतला पाय आत ठेवला, मागोमाग दुसरा.

ती किंचाळली. इतक्या वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. औषध अंगात भिनलेलं असताना बर्फाच्या पाण्यात दोन्ही पाय. ऑर्लिनने उशी टाकली, तिला उचललं आणि पिकअपमध्ये नेऊन बसवलं. तिचे पाय त्याने स्वतःच्या सदऱ्याच्या आत, पोटाशी धरले. बाहेरून मला काचेतून एवढंच दिसत होतं.

नंतर तो आत आला, पंप बंद केला, गुडघ्यावर बसून टॉवेलांनी पाणी टिपू लागला. टॉवेल चार होते. तो पिळायचा, टिपायचा, पिळायचा. मग थांबला. मागच्या भिंतीला हात लावला. त्याला आठवलं असावं. तो तिथेच, पाण्यात, कपाळ भिंतीला टेकून बसला.

पिकअपशी जाऊन तो म्हणाला, "हॉटेल बघू."

"घरी," आर्डिस म्हणाली.

"ही पिशवी परवा काढायची आहे."

"गावातली नर्स काढेल. घरी चल, ऑर्लिन."

आम्ही पाच तास परत आलो.

नळी बदलायला वीस मिनिटं लागली. हातभर तुकडा आणि दोन जोड, बस. गादी त्याने घरात शेगडीशी उभी करून वाळवली. आठवड्याने, एका उन्हाच्या सकाळी, त्याने हीटर लावून मला गरम केलं आणि आर्डिसला दाखवायला आणलं. ती दोन मोजे आणि लोकरी चपला घालून आली होती. बाकावर बसली. रोजच्या उताऱ्याची, बायबलची पुस्तिका तिच्या हातात होती. मी तिच्याकडे बघत होतो, पण ती माझ्या जमिनीकडे बघत होती. फळ्या जिथे फुगल्या होत्या तिथे.

"नळी बदलली," ऑर्लिन म्हणाला. "सोमवारी थोमाची खेप. जाऊ या ना?"

"नको."

"डॉक्टर म्हणाले, निम्म्याने आटल्यात. अजून सहा राहिल्यात, आर्डिस. जाऊ या."

"नको रे. तू पाच तास गाडी चालवणार, मग ते पाणी, ते बर्फात ओणवं होणं. कशाला तुला त्रास."

मित्रांनो, मी त्या माणसांत उभं आयुष्य काढलंय. 'कशाला तुला त्रास' हा नकार नसतो, हे मला कळतं. ऑर्लिनला तर जन्मापासून कळत होतं. पण तो तिच्या पायांकडे बघत होता. ते पाय बर्फाच्या पाण्यात आपल्यामुळे पडले, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. ज्याने दुखवलं त्याने पुन्हा आग्रह कसा करायचा? त्याने टोपी काढली, परत घातली.

"बरं," तो म्हणाला. आणि खाली उतरला.

आर्डिस दाराकडे बघत बसली. त्याची पावलं बर्फावर करकर वाजत घरापर्यंत गेली, घराचं दार उघडलं, मिटलं. तिने हाक मारली असती तर तो धावत आला असता. पण आपण होऊन तसं कुणी म्हणत नाही.

तिने पुस्तिका उघडली, पण वाचली नाही. अगदी हळू, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली, "देवा, त्याने दोनदाच विचारलं."

मग तिने डोळे पुसले, घोंगडीची घडी घालून बाकावर ठेवली, हीटर बंद केला आणि गेली. माझ्यात ती पुन्हा आली नाही.

एप्रिलात ती गेली. जमीन अजून गोठलेलीच होती. खणता येईना, म्हणून पुरायला मे उजाडला. सगळी मंडळी आली. स्वयंपाक पुष्कळ झाला. ऑर्लिनला जो तो विचारत होता, "काही लागलं तर सांग." तो प्रत्येकाला म्हणत होता, "तसं बरं चाललंय."

ऑक्टोबरात पहिला बर्फ भुरभुरला त्या दिवशी टॅम्रा आली. पुन्हा झाकलेलं भांडं. ऑर्लिन अंगणात माझ्याशेजारी नुसता उभा होता.

"ऑर्लिन, या वर्षी तरी ट्रेलर शेडमध्ये ठेवता का?"

"हो," ऑर्लिन म्हणाला.

तिला बरं वाटलं. हसून म्हणाली, "मागच्या वर्षीच ठेवायला हवा होता. किती म्हटलं मी तुम्हांला! एवढ्या थंडीत कशाला बाहेर ठेवला हो?"

ऑर्लिनने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. पण तो म्हणाला, "तेव्हा तशी गरज नव्हती, टॅम्रा. तू विचारलंस, तेच खूप झालं."

आता मी शेडमध्ये आहे. हा तिसरा हिवाळा. ऑर्लिनने पिकअप विकून टाकली, तेव्हा मला ओढायला कुणी नाही. माझ्या फळ्या कुजल्या आहेत, गादीत उंदरांनी घर केलंय. ते असो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण तुमच्या घरात, शेजारात कुणी 'नको, कशाला त्रास' म्हणालं, तर एवढ्यावर निघून जाऊ नका. पुन्हा विचारा, आणि पुन्हा. लाज वाटली तरी विचारा. आणि तुम्हांला कुणी देऊ केलं, तर पहिल्यालाच 'हो' म्हणा. हावरट म्हणतील, म्हणू देत.

टॅम्रा रोज सकाळी येते. हीटर वाढवते, माझ्या पत्र्यावर हात ठेवून बघते. गार लागला तर तिला चैन पडत नाही. मर्लच्या जुन्या घोंगड्या तिने माझ्या चाकांभोवती गुंडाळल्या आहेत. या मुलखाची रीत तिला अजून कुणी सांगितलेली नाही. मित्रांनो, कधी इकडे आलात आणि ती भेटली, तर तुम्हीही सांगू नका.